चेहरा तिचा झाकला, माझा नाही

ता. १८ जानेवारी
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. दिवाळीपासून वही उघडली नव्हती. घरात सगळे हळू बोलतात. लिहितानाही भीती वाटते.
आज जळगावला हॉलमध्ये व्यसनावरची ती डॉक्युमेंटरी दाखवली. त्यात आमची सायली आहे. प्रकाशची मुलगी, माझी नात. अकरावीत होस्टेलवर असताना गोळ्यांच्या नादी लागली होती. आता सुटली. फिल्मवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, चेहरा धूसर करू, आवाज बदलू, नाव घेणार नाही. तसं केलंही. पण तिच्या आधी पडद्यावर मी. ओट्यावर, नवी टोपी घालून: "माझी नात आहे. त्यातून बाहेर आली."
शूटिंगवाल्यांनी विचारलं होतं, बाबा, तुमचाही चेहरा झाकू का. मी म्हणालो, तोंड लपवायला मी काय चोरी केली? वर त्यांना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत-पुरी खाऊ घातली. तेही फिल्ममध्ये. अख्खं असोदा गाव मला ओळखतं, आणि मला नात एकच.

ता. २१
फिल्म मोबाइलवर आली. शेजारच्या यमुनाअक्का विरजण मागायला आल्या. सायलीला न्याहाळून गेल्या, विरजण तसंच राहिलं.

ता. २४
सायलीच्या कॉलेजात वर्गात फिल्म दाखवली. आता बसमध्ये पोरं मागून जाड आवाज काढतात, फिल्ममध्ये तिचा केला तसा: "मला फक्त झोप हवी होती." पोरांना धाक बसावा म्हणून दाखवतात म्हणे. धाक बसला फक्त आमच्या पोरीला.
प्रकाश म्हणाला, कॉलेज बंद. सूनबाई म्हणाली, बारावीची परीक्षा आली. मला कोणी काही म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ता. २७
सायलीला धुळ्याला सोडलं, माझी मुलगी सुमन हिच्याकडे. परीक्षेपर्यंत तिथेच अभ्यास. बसमध्ये मी म्हणालो, चूक माझी झाली बाई. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही आबा. मामा-काका सगळे फिल्ममध्ये यायला नको म्हणाले. तुम्ही एकटे माझी नात म्हणून बोलले. मले ते आवडलं."
सुमनची सासू म्हणाली, "पोर गुणी शे." पण सुमनने बी.पी.च्या गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी पाहिलं. सायलीनेही पाहिलं.

ता. ३ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. फिल्म पुष्कळांनी पाहिली, अभिनंदन. मी विचारलं, ती पाहून कोणाचं पोर सुधारलं? म्हणाल्या, असं लगेच सांगता येत नाही. सायलीला जपा, शरम वाटली की माणूस परत गोळीकडे वळतो. हे आधी सांगायचं होतं ना.

ता. ६
जळगावला केळीवर फवारायचं औषध घ्यायला गेलो. दुकानात एका बाईने ओळखलं. पारोळ्याची. तिचा मुलगा सोळा वर्षांचा, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पितो. फिल्म पाहिली आणि आपणहून आईशी बोलला. म्हणाला, त्या मुलीशी भेट घालून दे, मग दवाखान्यात येतो. बाई माझ्या पाया पडली. "बाबा, तुमच्या नातीशी एकदा बोलू द्या."
दुकानात असोद्याचे चारजण. ऐकत होते. मी म्हणालो, "ती माझी नात नाही. फिल्मवाल्यांनी सांगितलं तसं बोललो."
बाई उठली. पदराने तोंड पुसलं आणि गेली. मी औषध न घेताच घरी आलो.

ता. ७
दुकानातलं सगळं सायलीला फोनवर सांगितलं. वाटलं, आजोबाने झाकलं म्हणून तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "आबा, तुम्ही पण?"
"तुले लोकांपासून वाचवलं बाई."
तिने त्या मुलाचं नाव विचारलं. मला माहीत नाही. बाईचा नंबर? कायले घेऊ, म्हणालो. तिने फोन ठेवला.

ता. ९
सकाळी लायब्ररीत जाते म्हणून सायली निघाली. संध्याकाळ झाली तरी नाही. मोबाइल बंद. सुमनने आधी काय केलं तर कपाट उघडून गोळ्या पाहिल्या. डबा तसाच आहे, हे मला फोनवर समाधानाने सांगते. धुळ्यात औषधांची दुकानं काय कमी आहेत?
प्रकाश तिकडे गेला. स्टँडवर कोणी म्हणालं, अशी मुलगी जळगावच्या गाडीत चढली. ती गाडी पारोळ्यावरून येते. पण पारोळा मोठं. नाव नाही, नंबर नाही, कोणाकडे जाईल? आणि दुसरीकडेच गेली असेल तर...

ता. १०
नाही आली. मॅडमना फोन केला, त्या बाईचा पत्ता त्यांच्याकडेही नाही. प्रकाश म्हणतो, पोलिसांत फोटो देऊ. सूनबाई रडते, परत गावभर होईल म्हणते. मी म्हणालो, द्या. विचारलं तर सांगा, आजोबाने दिला.
सायली, ही वही तू वाचणार नाहीस. तरी लिहितो. तू माझी नात आहेस. जिथे असशील तिथून नुसता मिसकॉल दे. बोलू नको हवं तर. पण लवकर दे बाई.