रिकामी जागा

४ मार्च

ताईस सा. न. वि. वि.

(मागे ‘सौ.’ लावू की नको कळेना, म्हणून सोडलं.)

तू सांभाळायला पाठवलेला जुना फोन पोचला. पिठाच्या डब्यामागे ठेवून दाजींचा आवाज धरलास, म्हणजे तू माझ्यापेक्षा वस्ताद. आता दाजी म्हणवत नाही, ‘तो’च म्हणतो.

सगळं ऐकायची छाती झाली नाही. आदळआपट, तुझी किंकाळी, पुढे नुसती खरखर. इथं कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या येतात. रिकामी दिसली की उचलून बाजूला टाकायची, हेच माझं काम. तीच सवय. दोस्ताकडून नक्कल काढून घेतली, त्यातली रिकामी जागा त्याच्या कॉम्प्युटरवर उडवली आणि वकीलबाईंना पाठवली. जजसाहेबांचा वेळ कशाला खायचा?

आईला सांग, वेळेवर जेवतो. खोटं आहे, पण सांग.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

नको तिथं शहाणपणा करायला तुला कुणी सांगितलं होतं रे? त्याच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, कापलंय तर जोडलेलं कशावरून नाही? आता पुढच्या तारखेला मूळ फोन जसाच्या तसा हजर झाला नाही, तर त्याला माझ्यापासून लांब ठेवणारा हुकूम उठेल. मग तो आईच्या दारात उभा राहायला मोकळा.

दवाखान्याचा कागदही त्याच्याच बाजूचा. पायरीवरून पडले, असं मीच तिथं सांगितलंय. आणि ते खरंच आहे. त्या दिवशी त्यानं मारलं, पण हात मोडला तो पडून. मला लख्ख आठवतं. नाही ते त्याच्यावरही घालायचं नाही.

एका जागी टिकत नाहीसच, तर या खेपेला इकडे भटक. फोन घेऊन ये.

माया पातळ झालेली नाही, धपाटा मात्र राखून ठेवलाय.

तुझी ताई

२२ मार्च

ताईस सा. न.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

आज जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला. ती जागा रिकामी नाही गं. आवाज हळू होता, म्हणून कॉम्प्युटरनं रिकामा धरला.

तुझी किंकाळी थांबते. बराच वेळ काही नाही. मग तो बोलतो. ओरडत नाही, तान्ह्याला निजवताना बोलतात तसा. तू पायरीवरून पडलीस, म्हणतो. म्हण. तू कण्हतेस. तो पुन्हा सांगतो, तितक्याच मायेनं. मग तू पुटपुटतेस. तो शाब्बास म्हणतो, अजून एकदा म्हणायला लावतो. शेवटी तो उठून जातो, दार लागतं, आणि तू एकटीच म्हणत राहतेस. आवाज तुझाच, पण तू नाहीस त्यात.

नोकरीला रामराम ठोकला. परवाची गाडी आहे. फोन पोटाशी बांधून आणतो.

चुकलो. तरी आपला म्हण.

भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू वाटेत असशील, म्हणून हे वकीलबाईंकडे ठेवतेय. तोंडानं सांगायची भीती वाटते. त्याचेच शब्द येतील.

तुझं पत्र वाचून मी डोळे मिटले. पायरी तशीच दिसली: दगडी, ओली, कडेला टवका उडालेली. आईला विचारलं, ती पायरी पुढच्या दाराला होती की मागच्या? आई म्हणाली, बाई गं, त्या घराला पायरीच नाही. दोन्ही दारं जमिनीला सपाट.

मला अजून दिसतेय.

कोर्टात फोन वाजेल तेव्हा माझ्या शेजारी बस. मी त्याच्याबरोबर म्हणायला लागले, तर हात दाब.

तुझी ताई