आयोगाचं दार

२ जून

चि. चिमणीस मामाचे भरघोस आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या आयोगाच्या दाराची खरी किंमत ऐक, बिलात ती सापडायची नाही. जपून ठेवलेलं सगळं सागवान, मोठ्या सुताराची कंबर आणि तुझ्या मामीचा अबोला. तिच्या कपाटाच्या फळ्याही त्यातच गेल्या. बायका-मुलांच्या हक्कांसाठी सरकार पहिल्यांदाच देशाचा आयोग काढतंय आणि सचिव आपली भाची. मग दार तसंच नको? जबानी गुप्त राहावी म्हणालीस, म्हणून दोन फळ्यांमध्ये भुसा ठासून भरलाय. आतला शब्द बाहेर आला तर रंधा हातात धरणार नाही.

कारखान्याखालच्या इस्त्रीवालीला तुझ्याकडे पाठवतोय. तिची मुलगी चौदाची. दिराने परस्पर लग्न ठरवलंय, वीस तारखेचं. तुमची पहिली तक्रार हीच समज.

लोभ आहेच. मामीला दोन ओळी लिही, म्हणजे मला जेवण गरम मिळेल.

तुझा मामा

१२ जून

ती. मामांना नमस्कार, वि. वि.

उद्घाटन थाटात झालं. मंत्र्यांनी आमच्यापेक्षा दाराचीच जास्त स्तुती केली. मामीला सांगा, कपाट देशकार्याला लागलं. पुढे मात्र शुकशुकाट. खुर्च्या नव्या, टंकलेखिका नवी, शिपायाची जागा अजून मंजूर नाही आणि तक्रार एकही नाही. वरचे साहेब रोज फोन करून विचारतात, गरजच नव्हती तर आयोगाचा कायदा कशाला केलात.

इस्त्रीवाली आली नाही. दिराने दम भरला का? तिची जबानी झाल्याशिवाय मला लग्न थांबवण्याचा हुकूम काढता येत नाही. मामा, दिवस थोडे उरलेत.

मामीचा राग ओसरला का ते कळवा, माया तशीच ठेवा.

तुमची चिमणी

१५ जून

चिमणे, आशीर्वाद पुढच्या पत्रात दुप्पट देईन.

इस्त्रीवालीला फैलावर घेतलं, तर तीच माझ्यावर उखडली. म्हणाली, दोनदा बस करून गेले, बोटं सुजेस्तोवर ठोठावलं, पायरीवर बसून राहिले. आतून हूं नाही की चूं नाही. बंद असेल म्हणून परत आले. ढकललं का नाहीस विचारलं, तर म्हणते, सरकारी दार ढकललं की आधी आपलीच चौकशी होते.

मला पटेना. त्याच दाराचा नमुना कारखान्यातल्या माझ्या खोलीला बसवलाय. मामीला आत बसवलं, बाहेरून ठोठावलं, हाका मारल्या, शेवटी लाथ घातली. उघडून पाहतो तर बाईसाहेब निवांत भाजी निवडतायत. म्हणाल्या, तुम्ही घरात असून एवढी शांतता लग्नापासून पहिल्यांदाच मिळाली.

हे पत्र घेऊन उद्या पहिल्या बसने इस्त्रीवाली, तिची मुलगी आणि मोठा सुतार येतायत. सुताराजवळ पेचकस आहे. त्याचं काम आधी होऊ दे.

मामा

२१ जून

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

इस्त्रीवालीने जबानी दिली, आतल्या खोलीत, पंख्याच्या घरघरीआड. हुकूम त्याच दिवशी निघाला. काल आमच्या अधिकारीणबाई पोलीस घेऊन लग्नघरी गेल्या. दीर म्हणाला, हा घरातला मामला आहे. त्या म्हणाल्या, कालपरवापर्यंत होता.

लग्न झालं नाही. मुलगी आईजवळ आहे. दिराने इस्त्रीचं टेबल मात्र रस्त्यावर आपटून मोडलंय. तेवढं तुम्ही बघालच. या आठवड्यात आणखी पाच जणी येऊन गेल्या. साहेबांचे फोन आता बंद झालेत.

आपला हात डोक्यावर आहे, तो असू द्या.

चिमणी

ता. क. दाराच्या जागी सध्या कापडी पडदा लावलाय.