अंगठ्याची पाणसळ

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

एकलहरे, नाशिक
१७ ऑगस्ट २०२५

ती. दादा यांस,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हो’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे जात नाहीस, आणि मी ‘ठेवतो’ म्हणायच्या आधीच ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. काळू टमाट्याची पिकअप घेऊन मार्केटला आलाय, परत जाताना पत्र घेऊन येईल. उत्तरही त्याच्याकडेच दे.

भैरोबाच्या सभामंडपाची फरशी कमिटीने तुझ्याकडे दिली हे त्यानेच सांगितलं. खूप बरं वाटलं. आपली चौथीपर्यंतची शाळा त्याच मंडपात भरायची. सारवलेल्या जमिनीला इतके खड्डे होते की पाटी मांडीवरच धरावी लागे. आता तिथे तुझ्या हातची कोटा फरशी येणार. कालभैरव जयंतीच्या आत काम पुरं होईल ना? तू कामाच्या मध्ये चहाला बसलास की उठत नाहीस, म्हणून विचारतो.

इकडे सगळं ठीक. पॉवर स्टेशनच्या वर्कशॉपमध्ये माझं काम नेहमीसारखंच. सहा वर्षांपूर्वी तू बांधून दिलेल्या ओट्याचं कौतुक घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. मनीषाची तक्रार एकच आहे. ओट्यावर ठेवलेलं लाटणं हमखास सिंकमध्ये जाऊन पडतं. मी म्हणालो, तुझाच हात लागत असेल. त्या दिवशी मला कालची भाजी मिळाली.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तर आलं तर टिकेलही.

तुझा धाकटा,
गोरक्ष


कळवण
२३ ऑगस्ट २०२५

चि. गोरक्ष यास,
बहिरूचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझी वहिनी लिहून घेते आहे. माझे हात सिमेंटने भरलेत. (आज अमावस्या आहे, काम बंद आहे. हात स्वच्छ आहेत. – बया)

काम होईल. घाई करू नये. फरशीचा माल आला आहे, मी तो बघून घेतला. (हाताने चाचपून घेतला. – बया) तिला म्हटलं, मी सांगतो तेवढंच लिही, तर म्हणते कागद माझा आहे.

चहाचं बोलतोस, पण लहानपणी गुळाच्या ढेपेजवळून तुला उठवायला दोन माणसं लागायची. मनीषाला सांग, लाटणं आडवं ठेव, म्हणजे घरंगळणार नाही. बाकी तिचा हात लागत असेल असं म्हणणाऱ्या नवऱ्याला कालची भाजी मिळाली हे योग्यच झालं.

असाच लोभ ठेव, जास्त वाढवलास तरी चालेल, इकडे जागा आहे.

तुझा दादा,
बहिरू


कळवण
२५ ऑगस्ट २०२५

श्री. गोरक्षभाऊजी यांस,
बयाबाईचा स. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. काळूकडे दिलं तर तो ह्यांना सांगितल्याशिवाय राहणार नाही.

भाऊजी, आषाढात आम्ही नाशिकला आलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तुमच्याकडे आलो नाही, कारण हे म्हणाले, गोरखला कळलं तर तो रडेल आणि मनीषा गोड करील. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली आहे ती थेंब घालून राखायची. थेंब मी घालते. हे लहान मुलासारखे डोळे मिटून घेतात.

माणसं दिसतात, भिंत दिसते, फरशी दिसते. जागा सपाट आहे का ते दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा आणि त्याच्या बाजूच्या दोन बारीक रेघा मात्र दिसत नाहीत. हे कुणाला बोलत नाहीत. मी बघून सांगते म्हटलं, तर म्हणाले, रोज कामावर बायको नेणारा गवंडी तू पाहिलास का? परवा म्हणाले, दसऱ्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर खंडेनवमीला थापी पूजेत ठेवीन आणि परत उचलणार नाही. कमिटीलाही तसंच सांगीन.

चाळीस वर्षं ह्या माणसाला सिमेंटच्या वासासकट सांभाळलं. दिवसभर घरात बसलेला हा माणूस मला सांभाळवणार नाही, भाऊजी. तुम्ही मशीनची कामं करता. काही सुचलं तर करा. मी कळवलं हे मात्र कळू देऊ नका.

मनीषाला आठवण सांगा. जीव लावता तसाच लावत राहा.

बयाबाई


एकलहरे
७ सप्टेंबर २०२५

ती. दादा यांस,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

सोबत एक नळी पाठवतो आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात उजेड कमी असतो, तिथे पाणसळ वाचता येत नाही. म्हणून मला वाटलं, न बघता कळणारी पाणसळ करून बघावी. तू गवंडी आहेस, वापरून बघ आणि चुका सांग. माझ्यासाठी हं.

नळीत लोखंडी गोळी आहे, दोन्ही टोकांना काशाच्या वाट्या. जागा ज्या बाजूला उतरती, त्या बाजूची वाटी वाजते. दोन्ही गप्प, म्हणजे जागा सपाट.

हे करताना मी पाणसळीचा फार विचार केला. बुडबुडा म्हणजे आत राहिलेली थोडीशी हवा. बाटली गच्च भरली असती, तर ती बिचारी काहीच सांगू शकली नसती. भजनाला बसलो तरी हेच मनात येत होतं. टाळ चुकला. बुवांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

उत्तराची वाट बघतो. माया पातळ करू नकोस, सिमेंट करतोस तेवढं पुरे.

तुझा,
गोरक्ष


कळवण
१४ सप्टेंबर २०२५

चि. गोरक्ष यास,
आशीर्वाद.

तुझी नळी गप्प बसत नाही. सपाट जागेवर ठेवली तरी गोळी इकडून तिकडे येरझाऱ्या घालते आणि दोन्हीकडे वाजवते. मंडपात काम सुरू केलं तर गोजराबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिला वाटलं आरती सुरू झाली. देवळात घंटा आहे गोरख, दुसरी नको. (गोजराबाईला ह्यांनी प्रसाद म्हणून चहा दिला आणि स्वतःही बसले. – बया)

वर्कशॉपमधल्या अंधाराचं वाचून वाईट वाटलं. लाखो घरांना वीज देता आणि तुमच्या कोपऱ्यात दिवा नाही.

तरी एक सांगतो. कान नको. कामावर मिक्सर चालू असतो, कुत्री भुंकतात, तुझी वहिनी बोलत असते. बोटाला कळेल असं काही होतं का बघ. तुझ्यासाठी म्हणतो. मला काय, माझं चाललंय.

लोभाचं काही लिहीत नाही, तुझी वहिनी त्यालाही कंस करील.

बहिरू


एकलहरे
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि. सोनं घे, सोन्यासारखा राहा.

पेटी तयार आहे. काळू आता निघेल, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. आजच मिळायला हवी होती, का ते विचारू नकोस.

दीड वीत लांब, सागाची आहे. आत पितळेचा लोलक टांगला आहे, त्याचं वरचं टोक वरच्या खाचेत येतं. खाचेत दोन बाजूंना दोन पितळी टिकल्या. पेटी ठेवायची, लोलक थांबू द्यायचा, बाजूची कळ दाबायची. कळ लोलकाला धरून ठेवते, म्हणजे बोट लागलं तरी तो हलत नाही. मग अंगठा खाचेतून फिरवायचा. टोक दोन्ही टिकल्यांच्या बरोबर मध्ये लागलं की जागा सपाट. आधीच्या तीन लोलकांना कळ नव्हती, ते अंगठ्याला घाबरून पळायचे.

टिकल्या नेमक्या जागी पक्क्या करायचं तेवढं काल राहिलं होतं. वर्कशॉपमध्ये त्यासाठी लोखंडाची अगदी सपाट पाटी आहे. गेलो, तर खंडेनवमीची पूजा होऊन गेलेली. पाटीवर झेंडूचा हार, मधोमध नारळ. पूजेतल्या हत्याराला हात कसा लावणार? घरी परत आलो. मग मनात आलं, दादाच्या हातच्या ओट्यापेक्षा सपाट जागा नाशकात कुठे मिळणार? पेटी ओट्यावर ठेवली, टिकल्या मध्यावर आणून स्क्रू आवळले, कुंकू लावून देवघरात ठेवली. देवानेच हे सुचवलं असं वाटून समाधान झालं.

थापी उचल दादा. आणि पेटीला नावं ठेव. तू नावं ठेवलीस की माझा जीव भांड्यात पडतो.

तुझा,
गोरक्ष


कळवण
९ ऑक्टोबर २०२५

चि. गोरक्ष यास,
आशीर्वाद आणि थोडी कानउघाडणी.

थापी नवमीला पूजेत ठेवली होती. दसऱ्याला अंधार पडताना काळू आला. सकाळी पेटी घेऊन देवळात गेलो आणि गाभाऱ्याच्या दगडी उंबऱ्यावर ठेवली. तो उंबरा माझ्या उस्तादांनी बसवलेला, त्यात खोट नाही. पेटी म्हणाली, उंबरा डावीकडे उतरतो. उलट फिरवून ठेवली, तर म्हणाली उजवीकडे उतरतो. नवीन पाणसळ घेतली की गवंडी आधी ती उलट फिरवून बघतो. शेंबडं पोरही बघतं. तुला एकलहऱ्याला पगार कशाचा देतात?

सबंध दिवस थापीला हात लावला नाही. (लय वाईट दिवस गेला. जेवले नाहीत. – बया) संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा वाचून घेतलं, आणि ‘ओट्यावर’ आलं तेव्हा हसू आवरेना. अरे, ओट्याला ढाळ देतात. सिंककडे उतरता नसता, तर मनीषाच्या ओट्यावर सहा वर्षं डबकं राहिलं असतं. तुझ्या टिकल्या त्या ढाळावर बसल्यात. लाटणं सिंकमध्ये का जातं हे तुला कळलं नाही आणि तिच्या हाताला नावं ठेवलीस. माझ्याही ध्यानात आलं नाही, पण मी काही तिच्या हातचं रोज खात नाही. आधी तिची माफी माग.

आता नीट ऐक. टिकल्यांना हात लावू नकोस. मंडपाचं पाणीसुद्धा उंबऱ्याकडून बाहेरच्या पन्हळीकडे गेलं पाहिजे. माझ्या हाताला एकच ढाळ माहीत आहे, ओट्याला तोच आणि मंडपाला तोच. पेटीच्या एका टोकाला मी चाकूने खूण केली. खूण पन्हळीकडे ठेवायची, अंगठा फिरवायचा, टोक मध्ये आलं की फरशी ठोकायची. पहिली ओळ बसवली. तुझ्या वहिनीने पाणी भरलेली नळी दोन टोकांना धरून उतार तपासला. माझी चूक निघावी अशी तिची फार इच्छा होती. (निघाली नाही. – बया)

बुडबुडा दिसत नाही हे तुला कुणी कळवलं ते विचारत नाही. ऑगस्टात एक दिवस घरात कुणीतरी लिहीत बसलं होतं आणि दूध उतू गेलं, एवढंच मला ठाऊक आहे. (मी हे लिहिणार नव्हते. – बया)

माया केलीस, ती मध्ये थांबली नाही. पोचली.

तुझा दादा,
बहिरू


एकलहरे
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादा यांस,
गोरक्षचा शरमिंदा सा. न. वि. वि.

माफी मागितली. मनीषाने तुझं पत्र शेजारच्या कुसाबाईंना वाचून दाखवलं. आता पाहुणे आले की ओट्याचं कौतुक ती करते आणि लाटण्याची गोष्ट मला सांगायला लावते. देवानेच सुचवलं असं मी लिहिलं होतं, ते मागे घेणार होतो. रात्रभर विचार करून मागे घेतलं नाही.

दिवाळीनंतर तुझे डोळे पुन्हा दाखवायचे आहेत. माझ्या घरी उतरायचं. मी रडणार नाही, मनीषा गोड करणार नाही. थेंब घालताना डोळे उघडे ठेवत जा. हे कुणी कळवलं ते मीही सांगत नाही.

वहिनींना साष्टांग. कंसातली माया अशीच राहू दे.

गोरक्ष


कळवण
१४ नोव्हेंबर २०२५

चि. गोरक्ष यास,

तुझी वहिनी देवळात झाडलोट करायला गेली आहे. हे मी लिहितो आहे. कागदाच्या कडेला अंगठा धरून.

परवा जयंती झाली. अभिषेक झाला, मग बायकांनी घागरी ओतून मंडप धुतला. मी खांबाजवळ बसून कान लावला होता. पाणी उंबऱ्यापासून निघालं आणि कुठेही न थांबता पन्हळीतून बाहेर पडलं. तो आवाज ओळखू येतो. फरशीबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. ओल्या मंडपात पंगत बसली आणि उठली. गवंड्याला याहून काय पाहिजे.

आता दुसरी पेटी कर. मळ्यातल्या घराच्या खिडक्यांचं काम घेतलं आहे, तिथे अगदी सपाट लागतं. टिकल्या लोखंडी पाटीवर आवळ. नारळ असला तर बाजूला ठेव, देव रागावणार नाही. ओट्याजवळ जाऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला येतो. तुझ्याकडेच उतरतो. मनीषाला सांग, गोड केलं तरी चालेल.

ओळी उजवीकडे उतरत गेल्या असतील. ढाळ दिलाय असं समज.

तुझा,
बहिरू