व्याह्यांच्या झाडाच्या फांद्या छाटणे व सामाईक छपरावरील शेवाळ काढणे याबाबत

प्रति,
मा. इमारत निरीक्षण अधिकारी,
नगर कार्यालय, पहिला मजला.

विषय : सामाईक छपरावरील शेवाळ काढण्यास परवानगी व ते पुन्हा धरू नये म्हणून शेजारच्या फांद्या छाटण्याचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज व त्यावर आपल्या कर्मचाऱ्याने मारलेला 'छप्पर शोभिवंत आहे' हा शेरा.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार हा निवृत्त शिंपी असून जोडघराच्या डाव्या भागात एकटा राहतो. उजव्या भागात त्याचे व्याही राहतात. अर्जदाराची एकुलती एक मुलगी त्याच घरात दिलेली आहे. भिंत एक, छप्पर एक, पन्हळही एकच. मने तेवढी दोन.

२. व्याह्यांचे झाड अर्जदाराच्या छपरावर ओणवले आहे. ऊन लागत नाही, पाला कुजतो, कौलांवर शेवाळ धरते. फांद्या छाटा, असे अर्जदाराने हात जोडून सांगितले. "झाडाला कात्री लावायला ते काय तुमचं कापड आहे?" असे उत्तर व्याह्यांनी पाहुण्यांदेखत दिले. पाहुणे हसले. अर्जदार ते विसरलेला नाही.

३. नंतर व्याह्यांनीच मोठ्या प्रेमाने पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र आणून दिले. त्या माऱ्याने कौलांची वरची कातडी सोलली, काही तडकली, आणि खडबडीत झालेल्या कौलांवर शेवाळ दुप्पट जोमाने आले. शिलाईच्या मशिनवर पाणी गळू लागले. त्यावर व्याही म्हणाले, "शेवाळानं निदान कौलं धरून तरी ठेवली होती." आपला कर्मचारी पाहणीस आला तो त्यांच्याकडचा चहा घेऊन, मान वर न करताच परतला.

४. तेव्हा अर्जदाराने कंबर कसली. कोरड्या दिवशी, ताठ केसांच्या ब्रशने, माथ्याकडून खाली आपल्या बाजूचे सगळे शेवाळ खरवडले. माथ्यावर तांब्याची पट्टी ठोकली. तिच्यावरून उतरणारे पावसाचे पाणी शेवाळाला मानवत नाही. खरवडलेले शेवाळ मात्र पोत्यात न भरता पन्हळीत लोटले. पन्हळीचा उतार व्याह्यांकडे आहे, हे अर्जदारास पक्के ठाऊक होते. पाऊस आला, पन्हळ तुंबली, पाणी भिंतीपलीकडे उतरले. अर्जदार कान देऊन ऐकत बसला. त्यास बरे वाटले.

५. पाऊस थांबल्यावर मुलगी आली. उंबरा ओलांडला नाही. म्हणाली, "बाबा, पाणी त्यांच्या बैठकीत नाही, आमच्या खोलीत आलं. बाळाची गादी भिजली. तुमचं समाधान झालं असेल तर पन्हळ साफ करा." तेव्हापासून ती अर्जदाराशी बोलत नाही. फांद्यांपायी सासऱ्यांशीही बोलत नाही, एवढाच काय तो दिलासा.

६. पन्हळ अर्जदाराने तत्काळ हातांनी उपसली. मुलीची माफी मागितली. व्याह्यांची मागितलेली नाही, मागणारही नाही.

७. तरी फांद्या छाटण्याचा आदेश व्हावा, आणि मुलीच्या खोलीवरचे शेवाळ काढून तेथे तांब्याची पट्टी बसवण्याची परवानगी अर्जदारास मिळावी. पट्टी त्या खोलीच्या भिंतीपाशी संपेल. व्याह्यांच्या बैठकीवर बोटभरही पुढे जाणार नाही. अर्जदाराने माप घेतलेले आहे. हयातभर त्याचे माप चुकलेले नाही.

आपला, व केवळ आपलाच, नम्र
(सही)
निवृत्त शिंपी, जोडघर, डावी बाजू

सोबत : तडकलेल्या कौलाचा तुकडा, एक.