कोपराचा दगा

३ नोव्हेंबर
कोपराने दगा दिला. अकोल्याची बेंच प्रेस स्पर्धा तोंडावर, आणि आज बार उचलताना उजव्या कोपरात बाहेरून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे. चाळिशीवरच्यांच्या गटात मेडल माझंच होतं. पियुषही तसंच म्हणायचा. पियुष म्हणजे मोठा साळा, बायकोचा भाऊ. त्याला जिममध्ये आणला मीच.
निश्चय : पूर्ण विश्रांती. (संध्याकाळी दोन हलके सेट मारले. ते धरायचे नाहीत.)

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. मी जन्मात रॅकेट धरली नाही! म्हणे मनगट वाकवून उचलता, झेपत नाही तेवढं लावता. जड वजन दोन महिने बंद. स्वतः काडीसारखे. यांना काय कळणार?
पियुष म्हणाला, "जवाईबापू, मी कवाचा सांगून राहिलो, बारवरचं वजन कमी करा." सांगायचं तर ऐकू येईल असं सांगावं ना.

८ नोव्हेंबर
फिजिओथेरपीच्या फलक मॅडमनी व्यायाम दिला. डंबेल धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. वजन एक किलो. रंग गुलाबी. आकांक्षाने व्हिडिओ काढून तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी टाळ्या पाठवल्या. बायकोच फितूर.

१२ नोव्हेंबर
दुखणं जवळजवळ गेलं. इच्छाशक्ती. खात्री करायला ऐंशी किलो लावले.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
चहाचा कप डाव्या हाताने धरला. आकांक्षाने विचारलं, "काहून?" म्हटलं, मेंदूच्या दोन्ही बाजू वापराव्यात.

१७ नोव्हेंबर
पियुष अकोल्याच्या स्पर्धेत उतरतोय. माझ्याच गटात! म्हणतो, "एन्ट्री आंधीच भरली होती. तुमाले वाईट वाटन म्हून बोललो नाई." म्हणजे मी धडधाकट होतो तेव्हापासून कट शिजत होता. आता फोनवर फोन. उचलत नाही. आकांक्षाला बजावलं, या घरात त्याचं नाव नको. "बरं," म्हणाली. एवढी तरी आपली आहे. रविवारी आईकडे मोर्शीला जाणार आहे. जाऊ दे बिचारी.

२३ नोव्हेंबर, रविवार
एकटाच बसने अकोला. पियुष हरताना बघायला. मागच्या रांगेत बसलो. पियुष आला. मागे टॉवेल घेऊन आकांक्षा! मोर्शीवाली! हॉलभर आवाज : "दादा, मनगट सरळ ठेव! यायच्यासारखं नको करू!" यायच्या म्हणजे माझ्या.
वजन वर गेलं. दुसरा नंबर.
बाहेर तिने मला गाठलं. मीच चिडणार होतो, पण तीच म्हणाली, "मांगं उभं राहाले त्याले तुमीच पायजे होते. फोन कोन उचलत नव्हतं?"
बसनेच जाईन म्हटलं. बस खच्चून भरलेली. दांडी धरून उभं राहायचं, तेही या हाताने. शेवटी पियुषच्या गाडीत मागे बसलो.
मूर्तिजापूरला पियुषने पाण्याची बाटली घेऊन दिली. झाकण फिरेना. बडनेरा येईपर्यंत मांडीवर धरून बसलो. मग पुढे केली. आकांक्षाने मागे न बघता उघडून दिली.
 हसले असते तरी चाललं असतं.