नेच्याच्या कुंडीतली कळी

धाकट्या,

आज सकाळी खिडकीतल्या कुंडीत मला एक पांढरी कळी दिसली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच स्पष्ट दिसते आहे, म्हणून दोनदा पाहिली. नेच्याला फूल कधीच येत नाही; पानांच्या पाठीवरच्या तपकिरी बीजाणूंवर त्याचा वंश चालतो. तेव्हा हा आईचा नेचा नव्हे. ही विकत आणलेली शोभेची शतावरी आहे. ‘सारखीच तर दिसते’ असे कृपा करून म्हणू नकोस.

आईचा नेचा अडगळीच्या खोलीत सापडला, पाने वाळून गेलेला. तुझ्या पाहुण्यांना खिडकीजवळची जागा हवी होती, हे मी समजू शकतो. पण पान उजेडातच अन्न तयार करते. अंधारात झाड साठवणीवर दिवस काढते आणि ती संपली की वाळते. महिनाभर मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो होतो आणि रोज विचारत होतो. तू रोज म्हणालास, "मस्त आहे, दादा! नवी पानं फुटलीत." खरे सांगितले असतेस, तर मी चार दिवस अबोला धरला असता, इतकेच. मला दिसत नव्हते याचा तू फायदा घेतलास, हे मात्र पचत नाही.

नेच्याचे मातीखालचे खोड अजून टणक आहे. ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. तिला हात लावू नकोस. शतावरीला पाणी घाल, तिचा काही अपराध नाही. मी डोळे तपासायला जातो आहे. दुपारी फोन करून नेचा कसा आहे ते सांगू नकोस. संध्याकाळी येऊन मी स्वतः पाहीन.

दादा