फाटकावरचे हेडमास्तर

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, १० फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आप्पा आणि अव्वा यांच्या पायांवर डोके ठेवून दाक्षायणी लिहिते ती खुशालीच आहे.

अव्वाने एस.टी.तून पाठवलेला हुरडा पोचला. निम्मा घरी, निम्मा शाळेत संपला. तिचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी सरली, दुपारी पंखा लागतो. माझी तब्येत उत्तम आहे. मध्यंतरी थोडे दिवस घरी होते, पण ते आजारपण नव्हते.

आप्पा, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते. मला निलंबित केले होते. घाबरू नका, आता पुन्हा खुर्चीवर आहे.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांची पुतणी बी.एड. झाली. तिच्यासाठी जागा हवी होती. ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "बाई, त्या रुक्मिणीबाईंचा वर्षाचा शेरा जरा वाईट लिहा, म्हंजे त्यांची जागा मोकळी हुईल."

"त्या गणित चांगलं शिकवतात. वाईट काय लिहू?"

"ते तुमी बघा की. हेडमास्तर तुमी हाय."

"म्हणूनच लिहीत नाही," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी हातात निलंबनाचा कागद. ना चौकशी, ना माझे म्हणणे ऐकणे.

मी मुख्याध्यापक संघाची सभासद आहे हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. 'हेडमास्तर हा संस्थेचा माणूस, त्याने झेंडा धरू नये,' हे तुमचे वाक्य ऐकतच मोठी झाले. पण त्या संध्याकाळी संघाचे अध्यक्ष शिवयोगी सर घरी आले आणि सकाळपासून शहरातले मुख्याध्यापक आमच्या फाटकाबाहेर सतरंजी टाकून बसले. आपापल्या शाळा भरवून यायचे, आळीपाळीने बसायचे.

काय सांगू! उशिरा येणाऱ्या मुलींना तेच दटावत. प्रार्थनेची घंटा झाली की सगळे ताठ उभे. घोषणा द्यायची वेळ आली, तर शिवयोगी सर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू, आत तास चालू आहे." मग 'अन्याय चालणार नाही' ही घोषणा आम्ही सगळ्यांनी कुजबुजत दिली. आमची शिपाईण ईरम्मा पाणी घेऊन आली, सगळ्यांकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "बाई, हे समदे हेडमास्तरच हाईत व्हय? मग तितं शाळा कोन बघतंय?"

हसू आले, पण पुढचा दिवस अवघड होता. अकरावीची पूर्वपरीक्षा सुरू व्हायची होती. प्रश्नपत्रिका माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. शिवयोगी सर म्हणाले, "किल्ली देऊ नका. परीक्षा अडली की सिद्रामप्पा धावत येतील."

खरे होते ते. पण आमच्या मुली पहाटे आईबरोबर विड्या वळून शाळेत येतात. महिनाभर त्या या परीक्षेसाठी राबल्या होत्या. माझ्या भांडणात त्यांचे काय?

सकाळी सिद्रामप्पा कुलूप तोडायला माणूस घेऊनच आले. मी सगळ्यांदेखत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "मधल्या कप्प्यात इंग्रजीचे पेपर आहेत. पाकीट मुलींसमोर फोडा."

ते गोंधळले. शिवयोगी सर मात्र संतापले. "बाई, संघाचं हत्यार देऊन टाकलंत!"

"सर, ते आपलं नव्हतंच. मुलींचं होतं."

"मग आता बसायचं तरी कुठवर?"

"माझं म्हणणं ऐकून घेईपर्यंत. तो आपला हक्क आहे, तो मी सोडत नाही."

सरांनी टोपी नीट केली आणि ते पुन्हा सतरंजीवर बसले.

परीक्षा पार पडली. परीक्षेच्या काळजीने आमच्यावर रागावलेले पालकच मग सिद्रामप्पांकडे गेले. 'बाईंचा गुन्हा काय?' एवढेच विचारत राहिले. शेवटी संस्थेच्या कार्यकारिणीला सुनावणी घ्यावी लागली. तिथे मीही तोच प्रश्न विचारला. माझा गुन्हा एकही निघाला नाही. निलंबन मागे घेतले.

रुक्मिणीबाईंची नोकरी राहिली. त्यांचा शेरा मी आता लिहिला. गणित उत्तम, असे लिहिले. शनिवारी उशिरा येतात, हेही लिहिले. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत!

आता या पत्राचे खरे कारण. संघाने मला चिटणीस केले आहे आणि येत्या रविवारी अधिवेशन आपल्या बार्शीलाच आहे. मला भाषण करायचे आहे. बाकीची मंडळी धर्मशाळेत उतरणार. मी घरी येऊ का?

आणि एक, आप्पा. मी चौथीत होते. तुम्ही भर दुपारी शाळेतून घरी आलात आणि पुन्हा त्या शाळेत गेला नाहीत. अव्वाने आम्हाला काही विचारू दिले नाही. पुढे कळले, हेडमास्तर होतात तरी तुम्हालाही काही न विचारताच काढून टाकले होते. फाटकावर पहिल्या सकाळी सतरंजी अंथरली तेव्हा मला माझे काहीच वाटले नाही. एकच मनात आले, की त्या दुपारी तुमच्यासाठी कुणी येऊन बसले नव्हते.

सभागृहात या, असे म्हणत नाही. आलात तर पुढच्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवीन.

तुमच्या वाक्याबाहेर गेलेली, पण तुमच्याच हाताखाली शिकलेली,
दाक्षायणी